सुगंध कोणासाठी?

दिवाळीच्या खरेदीत माझ्याकडे आजवर एकच काम आलेले आहे, ते पिशव्या धरण्याचे. साडीचा काठ, आकाशकंदिलाचा रंग, अनारशाचे तांदूळ, यांपैकी कशाविषयीही माझे मत घरात कोणी विचारले नाही. आणि न विचारता ते देण्याचे धाडस मीही कधी केले नाही. म्हणून गेल्या आश्विनात लातूरला गेलो असता नात म्हणाली, "आजोबा, मला एक सेंट घ्यायचंय. निवडायला तुम्ही चला," तेव्हा आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली असावी, असे मला वाटले.

नात लातूरला वसतिगृहात राहते. डॉक्टर होण्याच्या परीक्षेसाठी गावोगावची हजारो मुले तेथे येऊन राहतात, त्यांतली ती एक. तिच्या आईने कापडासाठी म्हणून माझ्याजवळ पैसे दिले होते. पोरीने कापड नको म्हटले आणि सुगंध हवा म्हटले. वर्षभर पुस्तकात मान घालून बसणाऱ्या मुलीला एखादे दिवशी काही सुंदर घ्यावेसे वाटले, तर म्हाताऱ्याने आढेवेढे घेऊ नयेत, एवढे शहाणपण मला नांदेडहून निघतानाच होते. मी निघालो.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मधोमध जगदंबेचे देऊळ, त्याभोवती गोल फिरणारा बाजार, आणि त्या वर्तुळातून सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. निवडीच्या प्रश्नावर विचार करावयास याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. तेथल्या एका दुकानात तरुण विक्रेत्याने कागदाच्या तीन पट्ट्यांवर तीन कुप्यांतले फवारे मारले आणि त्या आमच्या नाकाशी धरल्या.

पहिल्या पट्टीला वाढदिवसाच्या केकचा वास होता. दुसरीला कढईत साखर तांबूस होऊ लागली म्हणजे येतो तो वास, करपण्याच्या अगदी काठावरचा. तिसरीतही व्हॅनिलाच होता. पण त्यात इलायची मिसळली होती आणि मागे कोठेतरी चंदन उभे होते.

"दुकान अत्तराचं आहे की मिठाईचं?" मी विचारले.

"काका, हल्ली हेच चालतं," तो हसून म्हणाला. "फुलांचे वास आता आज्यांसाठी."

माझ्या वयाच्या माणसाने यावर रागवावयास हवे होते. पण नात माझ्याकडे पाहत होती. "सांगा ना आजोबा, यातलं चांगलं कोणतं?" मी पुन्हा तिन्ही पट्ट्या हुंगल्या, आणि चमत्कारिक गोष्ट घडली. मला काहीच कळेना. तिन्ही पट्ट्या कोऱ्या कागदासारख्या झाल्या. विक्रेत्याने सवयीने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. तिचाही फारसा उपयोग झाला नाही. मग त्याने नातीच्या एका मनगटावर पहिला, दुसऱ्यावर दुसरा आणि माझ्या मनगटावर तिसरा असे तीन फवारे मारले आणि सांगितले, "घाई करू नका. अर्धा तास फिरून या. पहिल्या पाच मिनिटांत नुसतं स्पिरिट बोलतं. खरा वास मागून येतो."

त्या अर्ध्या तासात आम्ही गोलाईला एक फेरी घातली, एका हॉटेलात चहा घेतला आणि बरेच बोललो. त्या बोलण्यातून आणि न बोललेल्या काही गोष्टींतून हा लेख झालेला आहे.

पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो असा, की वास गोड असतोच कसा? आपल्याकडच्या नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे दोनच प्रकार केले : सुरभी आणि असुरभी. चवीचे मात्र त्यांनी सहा प्रकार मोजले आणि त्यांत गोड बसविला. म्हणजे गोड हा शब्द त्यांनी जिभेच्या खाती घातला आहे, नाकाच्या नव्हे. हे वर्गीकरण मला पूर्वी अपुरे वाटे. आता वाटते की ते लोक फार सावध होते.

नात सात वर्षांची असताना आमच्या घरी केकसाठी व्हॅनिला इसेन्सची कुपी आणली होती. साऱ्या घरात वास दरवळला. पोरीने कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यातले चमचाभर तोंडात घेतले, आणि रडत माझ्याकडे आली. "आजोबा, हे खोटं आहे!" तिचे तोंड कडू झाले होते. तिचा आरोप अगदी खरा होता. व्हॅनिलाच्या अर्काला स्वतःची गोडी नाही. गोड असते ती शेजारची साखर. वर्षानुवर्षे दोघे एका ताटात आले म्हणून नाकाने जिभेचा शब्द उचलला, इतकेच. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात याचे प्रयोगच केले. लोकांना ओळखीचे नसलेले वास साखरपाण्याबरोबर पुन्हा पुन्हा दिले. पुढे तेच वास नुसते हुंगले, तरी लोकांना ते पूर्वीपेक्षा गोड वाटू लागले. तात्पर्य, गोड वास कुपीत नसतो. तो आपल्या आठवणीत असतो; कुपी फक्त दार ठोठावते.

मग आठवण कोणाची? माझ्या लहानपणच्या नांदेडात व्हॅनिला कोणाला ठाऊक होता! आमचा गोड वास म्हणजे पुरणात पडलेले जायफळ, दिवाळीच्या करंजीतली इलायची आणि थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळावरून येणारी उकळत्या रसाची वाफ. माझ्या मुलांच्या लहानपणी कस्टर्ड आणि आइस्क्रीम घरात आले, आणि त्यांच्यामागून हा परका वास आला. नातीला तो परका नाही. तिची सारी गोड आठवण त्याच वासाची आहे. तिसऱ्या पट्टीतली इलायची मला चांगली वाटली याचा अर्थ ती चांगली होती असा नाही. मी जुना होतो, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु परका म्हटलेल्या या वासाचा इतिहास पाहिला, म्हणजे तो आपल्या घरातल्यासारखाच निघतो. व्हॅनिला ही मेक्सिकोकडची वेल, ऑर्किडच्या जातीची. तिचे फूल एकच दिवस उमलते. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तिचा सुगंध युरोपात नेला, पण इतरत्र लावलेल्या वेलींना फुले येत आणि शेंगा येत नसत. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयुनियॉन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हा गुंता सोडविला. एक बारीक काडी आणि आपला अंगठा, एवढ्या सामग्रीवर त्याने फुलातील परागांचे मीलन हाताने घडवून आणले. जगात आजही बहुतेक व्हॅनिला याच रीतीने, एकेक फूल हाताळून पिकविला जातो. १८४८ साली त्या बेटावरची गुलामगिरी संपली आणि या मुलाला आल्बियस हे आडनाव मिळाले. ज्या शोधावर मळेवाले श्रीमंत झाले, त्याचा लाभ त्याला झाला नाही. तो १८८० साली दारिद्र्यातच वारला.

पुढे वेलीचीही गरज उरली नाही. १८७४ साली टीमान आणि हार्मान या जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी वृक्षाच्या रसातील एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. मग कागदाच्या गिरण्यांत लाकडाचा जो भाग टाकाऊ म्हणून उरतो, त्यातूनही ते निघू लागले. आपल्या माळ्यावर पिवळ्या पडलेल्या जुन्या दिवाळी अंकांना जो एक मंद, किंचित गोडसर वास येतो, त्यात हेच द्रव्य थोडे असते. कागदातील लाकूड जुने होता होता ते सोडत असते. म्हणजे आम्ही जुन्या माणसांनी व्हॅनिलाला परका म्हणण्यात काही अर्थ नाही. आम्ही तो साठ वर्षे हुंगत आलो आहोत. नाव ठाऊक नव्हते, एवढेच.

अत्तरे करणाऱ्या फ्रेंच घराण्यांनी या कृत्रिम द्रव्याचे सोने केले. गेर्लँ यांच्या १८८९ सालच्या 'जिकी'मध्ये ते होते. १९२५ सालच्या त्यांच्या 'शालिमार'मध्ये त्याहून तीव्र असा त्याचा भाऊबंद होता. आणि नाव पाहा, मोगलांच्या बागेचे! तरीही त्या काळची अत्तरे व्हॅनिलाला फुलांच्या आणि राळेच्या मागे उभे करीत. सरळ मिठाईचाच वास अंगाला लावावा, ही कल्पना खरी रुजली ती १९९२ साली तिएरी म्यूग्लर यांच्या 'एंजल'पासून. त्यात जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, म्हणजे साखरेच्या कापसाचा वास होता, आणि त्याला पॅचुलीच्या पानांच्या मातकट वासाने आवर घातलेला होता. गंजगोलाईतल्या त्या तीन पट्ट्या त्याच घराण्यातल्या.

चहा पिता पिता मी नातीला विचारले, "हे वास कोणाच्या अंगाला येतात सांग पाहू?"

"केक करणाऱ्याच्या," ती चटकन म्हणाली.

उत्तर बरोबर होते, आणि ते ऐकून मला आत्याबाई आठवली. ती गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली, आपल्यालाही सांगतो.

आमचे घर नांदेडच्या जुन्या भागात होते. निजामी राज्य जाऊन थोडीच वर्षे झाली होती आणि गावात अत्तराची रीत सर्व जातिधर्मांच्या लोकांत होती. ईदेला कानात अत्तराचा फाया ठेवलेले शेजारी गळाभेट घेत, आणि तो वास दिवसभर आमच्या सदऱ्याला राही. माळेगावच्या जत्रेत लाकडी पेटी घेऊन अत्तरवाला येई. हिना, खस, मोगरा, केवडा, शमामा, मजमुआ, अशी नावे तो मंत्रासारखी म्हणे. त्याच्याकडे एक मातीचे अत्तरही असे. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर तापवितात आणि ती वाफ बांबूच्या नळीने चंदनाच्या तेलात उतरवितात. पहिल्या पावसाचा वास असा कुपीत येतो. पाऊस चुकविणाऱ्या आमच्या मुलखात त्या कुपीपाशी माणसे जरा जास्त वेळ उभी राहत.

आमच्या घरी अत्तराचे दिवे कधी जळले नाहीत. पण एक चांदीची अत्तरदाणी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती निघे. १९५७ साली मी दहा वर्षांचा होतो, आणि धाकटा म्हणून ती फिरविण्याचे काम माझ्याकडे आले. एकेकीच्या मनगटावर अत्तराची काडी टेकवायची, आणि पुढे जायचे. माझा अभिमान गगनात मावत नव्हता.

आत्याबाई सोळाव्या वर्षी कपाळ पुसले जाऊन माहेरी परत आली होती. त्या दिवशीचे तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या सारे तिच्याच हातचे होते. ती माजघराच्या दारात उभी होती. बायकांची ओळ संपली आणि मी तिच्यापाशी पोचलो. मला आधीच बजावलेले होते. मी थांबलो, आणि वळलो. तिने हात पुढे केलेला नव्हता. पण तो तिने मागेही घेतलेला नव्हता.

एवढीच गोष्ट. कोणी रागावले नाही, कोणी रडले नाही. रात्री मी तिच्याजवळ निजलो. तिच्या हातांना इलायचीचा, तुपाचा आणि भाजलेल्या तिळाचा असा वास येत होता की त्यापुढे चांदीच्या दाणीतला हिना काहीच नव्हता. मी म्हणालो, "आत्याबाई, तुझ्या हाताला किती गोड वास येतो!" तिने हात नाकाशी नेला, दोनदा हुंगला, आणि म्हणाली, "येत असेल बाबा. मला तर काहीच कळत नाही."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सतत येणाऱ्या वासाची वर्दी नाक काही वेळाने देईनासे होते. नवा वास आला तर कळावा, म्हणून जुन्याला ते गप्प बसविते. दुकानात माझे जे झाले, तेच तिचे रोज होत असे. अंगाला लावलेला सुगंध काही मिनिटांतच लावणाऱ्यापुरता विरत जातो आणि उरलेला सारा दिवस तो इतरांचा असतो. दागिना आरशात दिसतो, साडीचा पदर आपल्या हाताला लागतो. परंतु सुगंध हा एकच साज असा आहे, की जो ज्याचा त्याला मिळत नाही.

हे मी नातीला सांगितले, आणि त्यातून एक सिद्धान्तही काढला. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे सिद्धान्त काढल्याशिवाय मला चहा संपविता येत नाही. मी म्हणालो, "म्हणून सेंट निवडताना 'मला काय आवडतं' हा प्रश्नच चुकीचा. ज्यांच्या नाकात तो जाणार, त्यांचा विचार करून निवडावा. सुगंध एक तर दान असतो, नाही तर अतिक्रमण. डोळे मिटता येतात. नाक किती वेळ मिटणार?"

मला वाटले होते, पोर मान डोलावील. ती कप खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, आत्याबाईंना अत्तर लावलं नाही, ते कोणाचा विचार करून?"

मी गप्प झालो.

"इतरांना काय वाटेल, याचाच ना? मग तुम्ही मला पुन्हा तेच सांगताय. लोकांना आवडेल ते लावायचं, लोकांना आवडेल ते शिजवायचं. आत्याबाईंनी जन्मभर दुसऱ्यांसाठीच गोड केलं. त्यांना एखादी गोष्ट स्वतःसाठी हवी होती की नाही, हे कोणी विचारलं का?"

वाचकहो, वादात हरण्याचा अनुभव मला नवा नाही. पण दहा वर्षांचा असताना चुकलेले पाऊल अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा त्याच जागी पडावे, याची लाज वाटली. सिद्धान्त दिसायला उदात्त होता. परोपकाराची भाषा होती त्याची. परंतु त्या भाषेत आत्याबाईचा हात आजही तसाच मधल्यामध्ये राहिला असता. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. एवढी साधी गोष्ट सांगावयास आपल्याला २०२२ साल उजाडावे लागले. कारण प्रत्येक वेळी आपण 'चार लोक काय म्हणतील' हा प्रश्न 'चार लोकांचा विचार' या नावाने विचारीत आलो.

मग माझे म्हणणे सर्वस्वी चूक होते का? तसेही नाही, आणि ते नातीनेच दाखविले. थोडा वेळ थांबून ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण एक आहे. आमच्या खोलीत आम्ही चौघी. एकीला अर्धशिशी आहे. परवा मी मैत्रिणीचं सेंट चार-पाचदा मारलं, तर ती बिचारी रात्रभर गच्चीत जाऊन बसली. परीक्षा होती तिची. मला काही कळलंच नाही. मला तर वास येतच नव्हता."

येथे मला दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या, ज्या मी गोंधळून एकच समजत होतो. काय लावावे, हा एक प्रश्न आहे. किती लावावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात इतरांना मत नाही. केकचा वास हवा की मोगऱ्याचा, करपलेल्या साखरेचा की मातीचा, हे ज्याच्या आठवणीचे दार ठोठावले जाणार, त्यानेच ठरवावे. त्यात विधवा-सवाष्ण, म्हातारी-तरुण, बाई-पुरुष असा भेद करण्याचा कोणालाही अधिकार नाही. ती पहिली पाच-दहा मिनिटे त्याची हक्काची आहेत. परंतु त्यानंतरचा सारा दिवस इतरांचा आहे, आणि म्हणून मात्रा इतरांकडे पाहून ठरवावयास हवी. आपले नाक या बाबतीत साक्षीदार म्हणून निरुपयोगी. ते लवकरच फितूर होते. "मला तर येतच नाही, आणखी थोडं लावू," असे ज्याला वाटते, तो नेमका तेथेच चुकतो. निवड माझी, मात्रा दुसऱ्याची. आवडीवर कोणाची परवानगी लागू नये, आणि आवडीने कोणाची झोप मोडू नये.

हा हिशेब अत्तरापुरता आहे, असे मला वाटत नाही. आपली भक्ती, आपली गाणी, आपले फटाके, आपली विद्वत्ता, या सर्वांनाच तो लागू पडतो. लाउडस्पीकर लावणाऱ्याला आपले भजन मोठे वाटत नाही. ज्ञानी माणसाला आपण फार बोललो असे वाटत नाही. सद्गुणाचेही असेच. ज्याच्या अंगी तो असतो, त्याला तो बहुधा जाणवत नाही. आणि ज्याला स्वतःचा सद्गुण सतत जाणवतो, त्याने तो जरा जास्तच लावलेला असतो. आत्याबाईला आपल्या हाताचा वास कधी कळला नाही, यात मला आता तिचे दैन्य दिसते आणि तिचे मोठेपणही दिसते. दोहोंपैकी एकच सांगणे म्हणजे खोटे बोलणे होईल.

अर्धा तास होऊन गेला होता. आम्ही दुकानात परत गेलो. नातीने एकदा हे मनगट आणि एकदा ते मनगट हुंगले. पहिला वास तिला आता बालवाडीतला वाटला. मग तिने माझे मनगट हुंगले. इलायची, चंदन आणि व्हॅनिला आता एकजीव झाले होते. मला वाटले, ही हेच घेणार; माझी गोष्ट तिने मन लावून ऐकली होती.

तिने दुसरी कुपी घेतली, करपलेल्या साखरेची.

"पाक बिघडल्यासारखा वास आहे त्याला," मी राहवेना म्हणून म्हणालो.

"आईचा पाक दर दिवाळीला बिघडतो," ती म्हणाली. "घरी गेल्यासारखं वाटतं."

यावर काय बोलणार? मी पैसे दिले. कुपी पिशवीत टाकताना ती म्हणाली, "आणि आजोबा, एकच फवारा. तोही खोलीबाहेर."

संध्याकाळी नांदेडच्या एसटीत बसलो. चाकूर मागे पडले. शेजारच्या बाकावर एक बाई होती आणि तिच्या मांडीवर चारेक वर्षांचे पोर. पोर एकसारखे माझ्याकडे वाकून पाहत होते. मी हसलो. ते आईच्या कानात काही बोलले. आईने त्याला दटावले. ते पुन्हा बोलले आणि मुसमुसू लागले.

"काय झालं ताई?" मी विचारले.

ती संकोचली. "काही नाही काका. त्याला वाटतंय, तुमच्या पिशवीत खाऊ आहे. गोड वास येतोय म्हणतो."

माझ्या पिशवीत एक टॉवेल आणि वर्तमानपत्र होते. मनगटावर विकत न घेतलेला एक फवारा होता, आणि तो मी केव्हाच विसरलो होतो. मोगरा लावून बसलो असतो, तर पोराने माझ्याकडे काही मागितले नसते. फूल कोणाला आशेला लावीत नाही. पण गोडाचा वास अंगावर घेऊन निघालेल्या माणसाकडे काहीतरी गोड असावे, अशी त्या पोराची अपेक्षा होती, आणि ती गैर होती असे मी कसे म्हणू? मात्रेचा एवढा सिद्धान्त सांगणारा मी, मिठाईचा वास पसरवीत रिकाम्या पिशवीने चाललो होतो.

अहमदपूरच्या स्थानकावर गाडी दहा मिनिटे थांबली. मी खाली उतरलो आणि पावशेर पेढे घेऊन आलो. आई नको नको म्हणत असताना पोराने एक खाल्ला, मग दुसरा. दुसरा संपल्यावर त्याने माझा हात धरला, मनगट हुंगले, खात्री करून घेतली, आणि लोहा येण्याच्या आत आईच्या मांडीवर झोपून गेले.

मला मात्र एव्हाना कसलाच वास येत नव्हता.